रक्त माझं, पाय तिचा

आता आदिलाबादेत कोणाला एकाएकी दम लागला आणि पाय सुजलेला असला, तर दवाखान्यात एका लहान नळीत रक्त घेतात. बाहेर चहा पिऊन येईपर्यंत सांगतात, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्याची शंका धरायची की सोडायची. मागच्या साली माझंही घेतलं. रक्त काढणारी पोरगी सुई घेऊन आली आणि तिनं विचारलं, "पेशंट कोण?" मी बाजूला पाहिलं. बाकावर बाजूला कोणी नव्हतं. "मीच," म्हणाले.

माझी जाऊ बाजूला असती तर तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं असतं. एकदा तिनं तसं दाखवलं होतं, आणि त्यानंतर ती माझ्यापासून गेली. मेली नाही. गेली.

आमचं गाव भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. या घरात मी आधी आले. ती माझ्या दिराची बायको होऊन नंतर आली, पंचाहत्तर सालाच्या सुमाराला. चूल एक, वावर एक. मी चौथी शिकलेली, ती दुसरीतच शाळा सोडलेली, म्हणून घरातलं वाचायचं काम माझ्याकडे आणि बोलायचं काम तिच्याकडे. लहान जाऊ असून तिला माझी भीती कधी वाटली नाही. "बाई" म्हणायची, "तुमी" म्हणायची आणि त्याच तोंडानं टोमणा मारायची.

कापूस वेचायला आम्ही बाया ओळीनं उभ्या राहतो. दोन ओळी मिळून एकीची पात. पहिल्या वेचणीच्या दिवशी झाडांवर दहीभात शिंपडायचा, आणि त्या दिवशी जी जिथं उभी राहिली तीच तिची जागा, हंगाम संपेपर्यंत. माझ्या उजव्या हाताला ती. ती दोन्ही हातांनी वेचायची. मला ते जमलं नाही. मी एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्यानं बोंड रिकामं करायची. माझा कापूस स्वच्छ, तिच्या कापसात पाला. तिची पात संपली की ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहायची नाही. वळायची आणि माझ्या पातीत पलीकडच्या टोकानं शिरून माझ्याकडे वेचत यायची. मध्येच कुठंतरी आम्ही समोरासमोर यायचो, दोघींच्या ओट्या फुगलेल्या.

"बाई, झाडाखाली झोपल्या होत्या का?"

"कापूस वेचून राह्यली होती मी. तू पाला वेचते."

"वजन तं माझंच जास्त भरते ना."

"पाल्याचं."

असं रोज. लोकांना वाटायचं भांडून राह्यल्या.

नव्वद सालाच्या पुढची पाच-सात वर्षं तिच्या अंगावरून फार जायचं. शेवटी आदिलाबादेत पिशवी काढायचं ठरलं. दिवाळी झाली होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं रक्त मागितलं. दिराचं जुळलं नाही, तिच्या भावाला नागपूरहून यायला उशीर झाला. माझं जुळलं. मी पलंगावर पडले आणि पिशवीभर रक्त दिलं. तेच रक्त तिला चढवलं.

घरी आल्यावर तिनं त्याचा खेळच केला. भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणायची, "माझा दोष नाई, बाईचं रक्त हाय." कोणावर चिडली तरी तेच. एकदा मी तिला चूल फुंकताना हटकलं तर म्हणाली, "आता मले बोलू नोका. स्वतःलेच बोलल्यासारखं होते."

तिला एकच पोरगी. बोथकडे दिलेली, तिथं पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. आई खाटेवर पडलेली असेल तर सासरचे लोक पोरीला पाठवत नाहीत, आणि पाठवली नाही तर त्याचा बट्टा माहेराला लागतो तो लागतोच. संक्रांतीनंतर पोरगी यायची होती. माझ्या जावेला दुसरं काही सुचत नव्हतं. टाके वाळायच्या आधीच तिनं न्हाणीतला दगड घासून काढला. त्या दगडावर पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घालायचं, आणि पाठीवरून पाणी ओतायचं. तिला पोरगी झाली तेव्हा न्हाऊ घालायचं काम आमच्या सासूनं स्वतःकडे घेतलं होतं, तिच्या हाताला येऊ दिलं नव्हतं. "आता माझी पाळी हाय," ती म्हणायची.

आणि त्यातलाच एक पाय सुजला. उजवा.

तिनं तो लपवला. लुगडं घोट्यापर्यंत ओढून बसायची. मला दिसला तो ती उन्हात बसून पोटरीला तेल लावत होती तेव्हा. एक पोटरी काठीसारखी, दुसरी घट्ट भरलेली, चकचकीत.

"काऊन सुजला वो?"

"पडून पडून सुजला. चोळला की उतरते."

मी हात लावला तर गरम. तिनं लुगडं खाली ओढलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ती विहिरीवरून अर्धी घागर घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. घागर खाली ठेवायलाही तिला जमलं नाही. माझ्या हातात दिली. तोंड उघडं, ओठ जांभळट. श्वास घेतला की उजव्या बरगडीत सुई टोचल्यासारखं होतंय, म्हणाली. दीर कापूस भरलेली बैलबंडी घेऊन मार्केटमध्ये नंबर लावून बसला होता, माझा नवराही त्याच्यासोबत. मी घराला कडी घातली आणि तिला पहिल्या बसनं आदिलाबादेला नेलं. वाटेत ती एकच गोष्ट बोलली, "ठेवून घेतलं तं मी राहणार नाई. पोरगी येऊन राह्यली."

डॉक्टर तरुण होता, तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यानं तिचा पाय दाबून पाहिला, दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या, नाडी धरली, छातीचा फोटो काढला, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. मग ती पट्टी पुन्हा पुन्हा पाहत राहिला. मी म्हटलं, जे हाय ते सांगा. तो सांगायला लागला तेव्हा तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला, म्हणजे मी समजले की गोष्ट हलकी नाही.

त्यानं सांगितलं ते असं. फार दिवस पडून राहिलं, ऑपरेशन झालं, की कधी कधी पायाच्या शिरेत रक्त दह्यासारखं गोठतं. त्यातला तुकडा सुटून वर गेला की फुप्फुसात अडकतो. माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. पण दम दुसऱ्या कारणांनीही लागतो, आणि फोटोत ती गाठ दिसत नाही. ती दाखवणारं यंत्र नागपूरला. मात्र अंगात कुठं रक्त गोठलं की अंग स्वतःच ते विरघळवायला लागतं, आणि त्याचा चुरा रक्तात उतरतो. तो चुरा मोजायची एक नवी तपासणी निघाली आहे. तीही नागपूरलाच होते, पण रक्त इथं काढून बर्फात पाठवता येतं. चुरा नसला तर गाठ नाही असं तो बरंचसं धरून चालेल. चुरा असला तर मात्र गाठ आहेच असं नाही, ऑपरेशन झालेल्या बाईच्या रक्तात तो एरवीही असू शकतो. मग नागपूरला जाऊन यंत्रात पाहावंच लागेल.

"गेलं तं किती दिवस ठेवतात?" जावेनं विचारलं.

तो म्हणाला, गाठ निघाली तर पुष्कळ दिवस. नंतरही औषध चालू, आणि ते औषध घेणाऱ्याचं रक्त सारखं तपासावं लागतं.

तिनं मान हलवली. मला वाटलं, समजली.

आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. पलंग एकच. तिला आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी टेका जराशा. सकाळपासून उभ्या हाय." मी टेकले. रक्त काढणारा माणूस आला. त्यानं पलंगावरच्या बाईला पाहिलं, स्टुलावरच्या बाईला पाहिलं, आणि विचारलं, "इन्हीं का ना?"

जाऊ म्हणाली, "हाव. त्यायचंच." आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

मी हात पुढे केला. मला काही वावगं वाटलं नाही. महिन्यापूर्वी याच शहरात तिच्यासाठी माझं रक्त घेतलं होतं. आताही तिला चढवायला लागत असेल, जुळवून पाहायला नेत असतील, असं मी धरून चालले. त्या वेळी पिशवी होती, या वेळी एक नळी, निळ्या झाकणाची. मी म्हटलं, "इत्तासाच?" तो म्हणाला, "बस, अम्मा." नळी त्यानं बर्फाच्या थर्मासात घातली आणि नागपूरच्या बसड्रायव्हरकडे पोचवायला निघून गेला. तिचं रक्त त्यानं कधी घेतलं असेल, हे मी विचारलं नाही. मी लघवीला गेले होते, तेव्हा घेतलं असेल असं वाटलं.

डॉक्टरनं आम्हाला तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून फोन आला. तो चिठ्ठीवर काहीतरी लिहून आत आला. पुन्हा तिची नाडी धरली. ओठ पाहिले. चिठ्ठी पाहिली.

"खून साफ है," तो म्हणाला. "मुझे ऐसा नहीं लगा था."

जाऊ तेवढ्यात पिशवीत लुगडं कोंबायला लागली होती. वाकलं की तिला खोकला यायचा, तरी कोंबत होती. "घरी जातो मंग आमी."

तो म्हणाला, "जा सकते हो. लेकिन..." आणि पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

मी म्हटलं, "डॉक्टरसाब, किसका खून साफ है?"

"इनका."

"इनका कब लिया? लिया तो मेरा."

जाऊ लुगडं हातात धरून उभी. डॉक्टरनं तिला विचारलं, असं आहे का. तिनं खाली बघितलं नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मंग काय झालं? यायचंच रक्त हाय माझ्यात. दिवाळीनंतर तं चढवलं. एकच हाय ते."

माझ्या मनात आलं, हे ती डॉक्टरला बनवायला म्हणते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तसं नव्हतं. तिनं अर्धं तरी ते खरंच धरलं होतं. घरी आम्ही महिनाभर त्यावर हसत होतो. हसता हसता ती त्यावर विश्वास ठेवून बसली.

डॉक्टर रागावला नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. म्हणाला, अम्मा, ते रक्त आता तुझं झालं. आणि चुरा रक्त देणाऱ्याचा नसतो. जिथं गाठ आहे तिथून तो पडतो. पाय कोणाचा सुजला? तुझा. दम कोणाला लागतो? तुला. मग तिचं रक्त तुझ्या पायाची खबर कशी देणार?

मग त्यानं तिचं रक्त स्वतःच्या हातानं काढलं. पण आता त्याचा जबाब यायची वाट पाहणार नाही, म्हणाला. तिच्या पोटात एक सुई दिली, रक्त आणखी गोठू नये म्हणून, आणि नागपूरच्या दवाखान्याला फोन केला. थर्मास माझ्या मांडीवर दिला. तिचं रक्त आणि ती, दोन्ही एकाच बसनं निघाली, मी मधे.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून होती. हायवेनं कापसाच्या बंड्या चालल्या होत्या. महाराष्ट्राची हद्द लागली, चेकपोस्टवर बस थांबली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"तुमाले तोंड बंद ठेवता आलं नाई."

"मले माहीत होतं का? सांगितलं असतं तं ठेवलं असतं."

"ठेवलं असतं?"

मी विचार केला. "नाई," म्हणाले.

"मंग सांगून काय फायदा होता." आणि पुन्हा खिडकीकडे.

नागपूरला तिचं रक्त तपासलं. चुरा पुष्कळ निघाला. तेवढ्यावर तिथल्या डॉक्टरांनीही गाठ आहे असं धरलं नाही. यंत्रात घातलं, आणि उजव्या फुप्फुसात गाठी दिसल्या. घरी नेली असती तर काय झालं असतं, हे कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचा भाऊ नागपुरात राहतो, तो आला, दीर आला. मला परत जाणं भाग होतं. पोरीला आणायचं होतं. बोथला मी स्वतः गेले आणि सासरच्या लोकांना सांगितलं, आई नागपूरला आहे, मी आहे ना. त्यांनी पाठवली.

निघताना तिच्या खाटेजवळ उभी राहिले. तिच्या नाकाला नळी होती, तरी बोलणं चालू.

"पाणी कोपरानं पाहत जा, बाई. तुमचे हात निबर झाले, त्यायले गरम समजत नाई."

"चार पोरं वाढवली मी."

"वाढवली. न्हाऊ घातली सासूबाईनं." थोडा श्वास घेतला. "मानेखाली हात ठेवा. आन् पोरीले रडू देऊ नोका."

नातू झाला. तिनं घासलेल्या दगडावर मी बसले आणि माझ्या पायांवर त्याला घेतलं. पोरगी दाराशी बसून बघायची. कोपरानं पाणी मी पाहिलं, प्रत्येक वेळी. गरम समजलं मला, पण पाहिलं.

जावेला सांगितलं होतं सहा महिने. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून त्या कमी-जास्त करायच्या. ते आमच्याकडे तेव्हा नीट होत नव्हतं, म्हणून ती भावाकडे राहिली. पालेभाजी एक दिवस पातेलंभर आणि एक दिवस काहीच नाही असं करायचं नाही, म्हणून अंबाडी सुटली. त्याचं तिला फार लागलं. दीर तिच्या मागे गेला. तिथं एका तेलाच्या गिरणीत राखणदार लागला. सहा महिन्यांचं वर्ष झालं. पगार दर महिन्याला येतो हे पाहिल्यावर माणूस वावराकडे परत येत नाही. मी त्याला दोष देत नाही. चूल वेगळी झाली, भांडणाशिवाय.

नातवाच्या जावळाला ती आली. चालताना उजवा पाय थोडा जड टाकायची. आल्या आल्या न्हाणीत गेली, दगडावर पाय लांब केले आणि म्हणाली, "आणा त्याले." पोरगं वर्षाचं होऊन गेलेलं, आडदांड. तिनं पायांवर घेतलं तसं ते किंचाळलं, निसटलं आणि माझ्या लुगड्याला येऊन चिकटलं. ती तशीच बसून राहिली, पाय लांब केलेले.

"तुमच्या पायाची सवय लागली त्याले."

"मोठा झाला तो. आता कोणाच्याच पायावर राहत नाई."

"बसा तुमी. मी पाणी टाकते."

मी बसले. पोरगं माझ्या पायांवर मुकाट पालथं झालं. तिनं कोपर घंगाळात बुडवून पाहिलं आणि तांब्यानं हळूहळू ओतलं. सगळं घंगाळ संपेपर्यंत ओतत राहिली. मग म्हणाली, "तुमी बोलल्या नसत्या तं मी मेली असती."

मी पोराच्या पाठीवरचं पाणी हातानं निपटलं.

"पण घरी मेली असती."

"मेल्यावर घरी काय आन् नागपुरात काय."

"तुमाले काय समजते. तुमी तं घरीच हाय." आणि तिनं पोरगं टॉवेलात गुंडाळलं.

दुपारी वावरात यायचा हट्ट धरला. माझ्या उजव्या हाताच्या पातीला उभी राहिली, दोन्ही हातांनी सुरुवात केली, आणि पाच-सहा झाडांत धाप लागली. धुऱ्यावर जाऊन बसली. तिथून ओरडून सांगायची, बाई, ते बोंड राहिलं, बाई, मागं पाहा. राहिलं नव्हतं. तरी मी वळून पाहत होते. चारच्या बसनं ती गेली.

त्यानंतर ती पात मी कोणाला दिली नाही असं नाही. दिली, वावर थांबत नाही. दुसरी बाई आली, चांगली वेचायची, पण आपली पात झाली की धुऱ्यावर जाऊन पाणी प्यायची. तिनं माझ्या पातीत का यावं? मी मात्र अर्ध्यात आले की थांबायची, पुढं बघायची. माझ्या समोरची सगळी बोंडं पांढरीच असायची, शेवटपर्यंत, आणि ती सगळी मलाच वेचायची असायची.

आता दोघीही म्हाताऱ्या. ती नागपुरात तिसऱ्या मजल्यावर, तिला उतरता येत नाही; मला बसमध्ये चढता येत नाही. फोन आहे. मागच्या साली माझी तपासणी झाली त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या नातवानं फोन लावून दिला. हाच तो, त्या दगडावरचा.

मी सांगितलं, "दम लागला होता. पाय सुजला होता. रक्त तपासलं."

"आता गावातच होते का?"

"आदिलाबादेत. बसल्या बसल्या सांगतात."

तिनं विचारलं, "काय निघालं?"

"साफ निघालं."

"मंग कोणाचं देलं होतं?"

मी म्हटलं, "देणार कोणाचं? बाजूला होतं कोण?"

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. तिचा श्वास आता चांगला आहे. मग तिनं विचारलं, या साली कापूस कसा आहे.